एकच चूल

सुभद्राबाईला कुणी नुसतं "कशी हायस?" म्हणून विचारलं तरी ती सांगायची, "बरी हाय. आमची चूल एकच हाय अजून." तब्येतीचं विचारलं तर चुलीचं सांगायचं ही कुठली रीत? पण गावाला त्याची सवय झाली होती. लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात घरागणिक भाऊ भावापासून निघाले होते, अंगणाअंगणात भिंती आल्या होत्या, एकेका नळाला दोन-दोन तोट्या लागल्या होत्या. सुभद्राबाईचे दोन लेक, थोरला शहादेव आणि धाकटा सुग्रीव, तेवढे एका छपराखाली राहिले होते. आणि ह्याचा टेंभा ती गिरणीत, बाजारात, लग्नात, एवढंच काय मयतीतसुद्धा मिरवायची. शेजारच्या भामाबाईचे चार लेक चौघं चार बाजूंनी निघाले, तेव्हा तर ही मुद्दाम भेटायला गेली. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "सोसावं बाई. एक चूल ठिवनं सगळ्यायच्यानं हुत न्हाई." वर चहा पिऊन आली. भामाबाईनं त्या दिवसापासून तिच्यावर जो डूख धरला तो धरलाच.

आता खरं सांगायचं, तर घरात चुली दोन पेटायच्या. स्वयंपाकघरात थोरली सून मुक्ता भाकरी थापायची आणि मागच्या पत्र्याखाली धाकटी रूपाली कालवण करायची. दोघींना एका चुलीपुढं बसवलं की तव्याच्या आधी त्याच तापायच्या, म्हणून सुभद्राबाईनंच दहा वर्षांखाली विटामाती लावून मागली चूल घातली होती. पण ती चूल धरायची नाही! पीठ एका डब्यातलं, मीठ एका बरणीतलं, तिखट वर्षाचं एकदाच कुटलेलं, मग चूल एकच झाली की नाही? ओट्यावर सरकारी गॅसची टाकीही होती. तिला रूपालीनं फुलाफुलाचं फडकं शिवलं होतं. पाहुणा आला की फडकं उतरायचं, चहा व्हायचा, फडकं पुन्हा चढायचं. रोजचा स्वयंपाक मात्र शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांवर आणि तुरीच्या तुराट्यांवर, कारण त्या घरच्या होत्या आणि टाकी सणासुदीशिवाय भरायची ऐपत नव्हती.

राहता राहिला धूर. धूर बाईच्या जातीला चुकलाय का, असं सुभद्राबाईचं म्हणणं. हे म्हणणं रूपालीच्या छातीला काही पटलं नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला दम लागायला लागला. हंडा उचलला, पायरी चढली की आतून शिट्टी वाजायची. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं औषध लिहून दिलं आणि बजावलं, "औषध चालू आणि धूरही चालू, असं करू नका. धुरापासून लांब राहायचं." सुग्रीव म्हणाला, "बरं." रूपाली म्हणाली, "बरं." घरी आल्यावर रूपाली पत्र्याखाली गेली आणि तिनं चूल पेटवली. दुसरं काय करणार होती बिचारी?

अशात बीडच्या एका संस्थेची यशोधरा गावात यायला लागली. स्कूटीवरून यायची, ऊन असो वारा असो, घरोघर बसायची, तोंडानं गोड. ही संस्था गोरगरिबांच्या घरी निर्धूर चुली बसवणार होती. पत्र्याची गोल चूल, तिच्या पोटात लहानसा पंखा, पंख्यासाठी छपरावर सोलरची प्लेट, आणि त्याच प्लेटवर लाईट गेल्यावर लागणारा एक दिवा. जळण तेच, पण निम्मं लागणार आणि धूर नावाला. गावानं तिला लगोलग 'पंख्याची चूल' म्हणायला सुरुवात केली. जितक्या जुन्या चुली तितक्या नव्या, असा संस्थेचा हिशोब.

यशोधरा ओसरीवर टेकली आणि तिनं विचारलं, "आजी, तुमच्या घरी चुली किती?"

झालं! अगं पोरी, हे असं तोंडावर विचारतात का? आपल्यात 'चुली किती' म्हणजे घर किती ठिकाणी फुटलं. यशोधराला विटामातीच्या चुली मोजायच्या होत्या. सुभद्राबाईला वाटलं, ही आपल्या घराची अब्रू मोजायला आली. आणि त्यात कुंपणापलीकडं भामाबाई वाळवणावरून उगीच हात फिरवत, कान इकडं लावून उभी.

"एकच!" सुभद्राबाई कडाडली.

"नीट आठवून सांगा हं. मागं वगैरे एखादी..."

"मागं न्हाई, फुडं न्हाई. दोन ल्येक, दोन सुना, एक चूल. कावून, तुला पटंना का?"

"तसं नाही आजी. जितक्या चुली तितक्या तुम्हाला..."

"आगं, धा डाव इचार. एकच!"

दारातून रूपाली म्हणायला गेली, "आत्याबाई, ती मागली..." सासूनं तिच्याकडं असं काही बघितलं की पुढचं तिनं खोकल्याबरोबर गिळून टाकलं. यशोधरानं 'एक' लिहिलं, पाणी प्यायली आणि भामाबाईकडं गेली. भामाबाईनं हसतमुखानं तिला बसायला पाट दिला. "चार ल्येकायच्या चार," ती म्हणाली, "आन् माजी येगळी. पाच लिव्ह."

पोळा झाला आणि टेम्पो आला. भामाबाईच्या अंगणात पाच खोकी ओळीनं उतरली, पाच प्लेटा, पाच दिवे. सुभद्राबाईच्या ओसरीवर एक खोकं. सुभद्राबाईनं खोक्याकडं बघितलं, मग कुंपणापलीकडं बघितलं, मग पुन्हा खोक्याकडं. घोटाळा कुठं झाला ते तिला तिथल्या तिथं कळलं, पण कळलं म्हणून सांगायचं कुणाला?

"तुजं बरं हाय बाई सुभद्रे," भामाबाई म्हणाली. "एकच चूल, एकच खोकं. आमाला मेलं एवढं ठिवावं कुटं तेच कळंना."

आता ही एक चूल कुणाची? सुभद्राबाईनं न्याय केला की दम रूपालीला लागतो, तर चूल रूपालीला. न्याय सरळ होता, म्हणूनच तो कुणाला पचला नाही. "व्हय तर," मुक्ता भांडी आदळत म्हणाली, "धाकटीच्या छातीत धूर जाऊ ने. थोरलीच्या डोळ्यात गेला तर गेला, थोरली काय, गोठ्यातली म्हसच हाय." मुक्ता काही वाईट नव्हती. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या स्वयंपाकघरातला धूर खाल्ला होता, डोळे कायमचे लाल झाले होते, आणि डोळ्यांसाठी तिला कुणी अंबाजोगाई दाखवली नव्हती. तेव्हा तिचं चुकलं असं तरी कसं म्हणावं?

बरं, न्याय करून रूपालीचं तरी भागलं का? तेही नाही. रूपालीची पंख्याची चूल पत्र्याखाली शहाण्यासारखी गुणगुणायची, आणि स्वयंपाकघरातून मुक्ताच्या चुलीचा धूर मागच्या दारानं थेट पत्र्याखाली यायचा. दोघींच्या जागांची अदलाबदल करून बघितली, रूपाली पंख्याच्या चुलीसकट आत आणि मुक्ता पत्र्याखाली. मग पत्र्याखालचा धूर स्वयंपाकघरात शिरायला लागला. धुराला थोरली-धाकटी काय कळतंय? रूपालीची शिट्टी चालूच राहिली. एक दिवस कालवणाला फोडणी देता देता ती तशीच खाली बसली, ओठ निळे पडले, आणि लेकरं "मम्मी, मम्मी" करून रडायला लागली. तेव्हा मुक्तानंच धावत जाऊन स्वतःची चूल पाण्यानं विझवली. दुसरी चूल आणल्याशिवाय ही पोरगी जगायची नाही, हे सुभद्राबाईला त्या दिवशी पटलं.

यशोधरा पुन्हा गावात आली तशी सुभद्राबाईनं तिची वाट अडवली. "पोरी, अजून येक चूल दे."

"आजी, मी तर विचारलं होतं हो तुम्हाला."

"तू चुली इचारल्यास. म्या घराचं सांगितलं."

यशोधराला आधी हसू आलं. मग दारात टेकून बसलेली रूपाली दिसली आणि तिचं हसू गेलं. "थोड्या उरल्यात," ती म्हणाली. "पण आता पुण्याहून पाहुणे येणार आहेत तपासायला. काही घरांत माणसांपेक्षा चुली जास्त निघाल्या ना." तिनं कुंपणाकडं बघितलं नाही, पण सुभद्राबाईनं बघितलं. "आता ते वेगळी कुटुंबं बघून देणार. सुग्रीवदादा वेगळे असते तर दिली असती. तुमची तर एकच चूल. आणि खोटं सांगा असं मी काही म्हणणार नाही हं."

म्हणणार नाही म्हणाली आणि स्कूटीला किक मारून गेली. जन्मभर ज्याच्यावर नाक वर करून चालली, तेच नाक चारचौघांत आपल्या हातानं कापायचं? पण आत रूपाली खोकत होती. एक खोकला संपला की दुसरा कधी येतो म्हणून सगळं घर गप्प राहून वाट बघायचं. शेवटी तिनं दोघं लेक आणि दोघी सुना समोर बसवल्या. "येका दिसाचं सोंग करायचं," ती म्हणाली. "पावने आले की आपुन येगळे. पावने गेले की येक. कळलं का?"

सगळ्यांना कळलं. जरा जास्तच लवकर कळलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी भांडीकुंडी वेगळी करायची ठरली. आता भांडणं होणार, डोकी फुटणार, म्हणून सुभद्राबाई न्याय करायला मधोमध पाट टाकून बसली. तिच्यापर्यंत काही आलंच नाही. मुक्तानं पिठाचा मोठा डबा उचलला, रूपालीनं लहान दोन उचलले. "मिक्सर तुमच्या भावानं दिलेला, आक्का, तुमाला." "मग पाटा-वरवंटा तुला ऱ्हाऊ दे. आन् ही परात तुज्या म्हायेरची." "लोनचं अर्धं अर्धं करू." "बरनी म्या धुऊन ठिवलीय." चहा निवायच्या आत स्वयंपाकघराचे दोन भाग झाले. एक वाटी इकडची तिकडं झाली नाही, एक शब्द वर गेला नाही. ज्या दोघी मिठाच्या चिमटीवरून तासभर भांडायच्या, त्या एकमेकींना डबे हातात देत होत्या.

"पावन्यांनी शेताचं इचारलं तर?" शहादेव म्हणाला.

"वढ्याकडलं माजं, रस्त्याकडलं तुजं," सुग्रीव म्हणाला. "हिरीचं पानी दिसाआड."

"आन् म्हशी दोन हायतच."

सुभद्राबाई एकाच्या तोंडाकडं बघायची, मग दुसऱ्याच्या. "आरं, हे कवा ठरलं रं?" तिनं विचारलं.

"ठरलं कुटं माय," शहादेव बाहेर बघत म्हणाला. "आपलं आसंच. बोलता बोलता."

सुग्रीव चप्पल घालायला लागला. सुभद्राबाईनं पुढं विचारलं नाही, कारण पुढचं उत्तर तिला नको होतं.

पाहुणे आले. एक साहेब, एक बाई, सोबत यशोधरा, आणि मागं फुकटचा तमाशा बघायला अर्धी आळी. साहेबांनी स्वयंपाकघर बघितलं, पत्र्याखालचं बघितलं, दोन्हीकडचे डबे उघडून बघितले. मग ओसरीवर आले आणि मायेनं म्हणाले, "आजी, तुमच्या तोंडून ऐकायचंय. मुलं वेगळी राहतात का?"

सुभद्राबाईनं तोंड उघडलं. काल पाठ केलेलं होतं सगळं. पण समोर गाव, गावात भामाबाई, भामाबाईचा पदर आधीच हातात. आतून रूपालीची शिट्टी ऐकू येत होती.

"व्हय," ती म्हणाली. "आमची चूल... येगळी झाली."

आणि ती रडली. सोंगात रडायचं ठरलं नव्हतं. खरोखरीचं रडली, हुंदके देऊन, तोंडात पदर कोंबून. पुण्याच्या बाईनं तिचा हात हातात घेतला. साहेबांचा चष्मा ओला झाला. "रडू नका आजी, घरोघर असंच असतं," म्हणत त्यांनी उभ्या उभ्या दुसरी चूल मंजूर केली. आजवर इतकं खरं कुटुंब आपण तपासलं नाही, असं ते यशोधराला जाता जाता म्हणाले. भामाबाई पुढं झाली, तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "सोसावं बाई." वर थांबून चहाही प्यायली.

दुसरी चूल बसली, दुसरा दिवा लागला. सुभद्राबाई म्हणाली, "बरं, आता डबे आना फिरून."

"पावने पुन्यांदा आले तर, आत्याबाई?" मुक्ता म्हणाली.

"पंधरा दिस जाऊ द्या ना," रूपाली म्हणाली.

पंधरा दिवस गेले, आणखी पंधरा गेले. दिवाळीला दोन ठिकाणी करंज्या झाल्या. सुभद्राबाई जेवायला जिथून हाक येईल तिथं जायची आणि डब्यांचं काढलं की सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. बरं, तक्रार करावी तर कशाची? रूपालीची शिट्टी थांबली. तिच्या गालाला रंग आला, हंडा कमरेवर घेऊन ती पायऱ्या चढायला लागली. मुक्ताचे डोळे निवळले, एक दिवस तर तिनं काजळ घातलं आणि शहादेव दोनदा घरात येऊन गेला. दोघी जावा आता बहिणींसारख्या वागायच्या. मुक्ताकडून पिठल्याची वाटी जायची, रूपालीकडून ठेच्याची यायची. एका चुलीवर असताना ज्यांचं एका वाक्यात बिनसायचं, त्या वेगळ्या झाल्यावर दुपारभर हसायच्या. सुभद्राबाईला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय ह्याचाच राग यायचा. आयुष्यभर जे घर मोडू नये म्हणून धरून ठेवलं, ते मोडल्यावरच नांदायला लागलं, आता ह्याला काय म्हणावं?

एक दिवस दुपारची ती दोन्ही दारांच्या मध्ये ओसरीवर बसली होती. पोटात कावळे ओरडत होते. पूर्वी ओसरीवर बसून नुसता धूर बघितला की कळायचं, कुणाची चूल पेटली, भाकरी चालली की कालवण. आता दोन्हीकडं धूर नाही. चूल पेटलीय की विझलीय, स्वयंपाक व्हायचाय की होऊन गेला, काही पत्ता लागेना. हाक येईल म्हणून ती बसली. मुक्ताकडून आली नाही, रूपालीकडूनही आली नाही. आपण होऊन विचारायचं? आपल्याच घरात मागून खायचं? मेलं तरी नाही! ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. दोघी सुना शेंगा निवडायला लिंबाखाली येऊन बसल्या.

"आत्याबाई," रूपाली म्हणाली, "आक्कानं आज काय केलतं?"

मुक्ताचा हात थांबला. "म्या? तुज्याकडंच जेवल्या ना त्या?"

मग दोघी एकदमच उठल्या, एकमेकींवर आदळल्या, आत पळाल्या, आणि बघता बघता सुभद्राबाईपुढं दोन ताटं आली. दोन्ही ताटांत ऊन ऊन भाकरी, दोन्हीत कालवण, दोघींच्या डोळ्यांत पाणी. "चुकलं, आत्याबाई. मला वाटलं..." "न्हाई, चूक माजी. मला वाटलं..."

सुभद्राबाई ताटांकडं बघतसुद्धा नव्हती. ती उठली, कुंपणाजवळचे तीन दगड एक एक करून आणले, अंगणाच्या मधोमध मांडले, पऱ्हाट्या मोडून घातल्या, काडी ओढली आणि फुंकणी तोंडाला लावली. "माजी मला येगळी चूल," ती म्हणाली. "मला न्हाई कुनाचं लागत." ओल्या पऱ्हाट्यांचा दाट धूर वर निघाला. कुंपणापलीकडं भामाबाईची मान उगवली.

"आत्याबाई, आसं नगा करू," म्हणत रूपाली धावली आणि तिच्या हातातली फुंकणी घ्यायला खाली वाकली. धुराचा लोट तिच्या तोंडावर गेला. ती मागं सरली, छाती धरली, आणि महिन्यांनी ती शिट्टी पुन्हा वाजली.

सुभद्राबाईनं ताटांजवळचा पाण्याचा तांब्या उचलला आणि भसकन चुलीत ओतला.

राख चर्रकन भिजली. मुक्ता रूपालीची पाठ चोळत होती. सुभद्राबाई दगडांपाशी तशीच बसून राहिली, हातात रिकामा तांब्या, धुरानं डोळे भरलेले, का आणखी कशानं कोण जाणे. रूपालीचा श्वास जरा खाली बसला तशी ती म्हणाली, "मुक्ते, दिसाचं तुज्याकडं. रुपे, रातचं तुज्याकडं. महिना झाला की पाळी बदलायची."

"आसं कावून म्हनता, आत्याबाई?" दोघी म्हणाल्या. पण 'नको' असं दोघींपैकी एकही म्हणाली नाही.

"काय गं सुभद्रे," भामाबाईनं कुंपणावरून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई बाई," सुभद्राबाई म्हणाली. "वाटनीतलं येक ऱ्हायलं होतं. ते तेवढं झालं."

आणि ओसरीवर येऊन तिनं मुक्ताचं ताट पुढं ओढलं, कारण अजून दिवस होता.